शमसिनारची खोली

एतेक रोसमानीनं आपल्या अंथरुणाच्या बरोबर मधोमध जर्मनचा टोप ठेवला. छपरातून ओघळलेला थेंब त्यात टपकन पडला, तशी ती समाधानानं मागं सरकली आणि मला म्हणाली, "आता चुकत नाही. आज माझ्या पायांनी एकीकडे झोपायचं आणि डोक्यानं दुसरीकडे, एवढंच."

मी दारात उभी होते. माझ्या हातात दादाचं पाकीट होतं. माझ्या यजमानांच्या प्रकल्पावरचे नंबियारसाहेब सुट्टीहून परत आले, त्यांनी ते त्याच दुपारी आणून दिलं होतं. पाकिटात दोन कागद होते. एक पत्र आणि एक हक्कसोडपत्र.

ही गोष्ट सुमात्रा बेटावरच्या कोटो बारिंगिन नावाच्या डोंगरातल्या गावातली. तीस वर्षं होत आली तिला. ओढ्याच्या पाण्यावर वीज काढायचा एक लहान प्रकल्प तिथं चालू होता, त्यावर हे इंजिनियर होते. कॉलनी अजून उभी राहायची होती, म्हणून आम्ही गावातल्या एका मोठ्या लाकडी घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. घराचं छप्पर बैलाच्या शिंगांसारखं दोन्ही टोकांना वर गेलेलं. आत एकच लांबलचक सोपा आणि मागच्या अंगाला ओळीनं पाच खोल्या. घरातल्या एकेका लग्न झालेल्या बाईची एकेक खोली.

त्या मुलखात घर बाईचं असतं. शेतही बाईचं. आईकडून लेकीकडे जातं. नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो आणि पाहुण्यासारखा राहतो. भावानं बहिणीची जमीन सांभाळायची, तिच्या मुलांवर नजर ठेवायची. मामाला ते लोक मामाकच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परमुलखात कुणीतरी नात्याचं भेटल्यासारखं मला वाटलं होतं.

एतेक म्हणजे धाकटी मावशी. सगळं गाव रोसमानीबाईंना एतेकच म्हणायचं, मीही म्हणू लागले. वय पंचावन्नच्या आसपास, बांधा काटक, डोक्यावर कायम एक फिकट ओढणी. पाच वेळची नमाज कधी चुकवायची नाही. माझा चातुर्मासाचा नेम चालू होता. रोज सकाळी उंबऱ्याशी तांदळाच्या पिठानं तेहतीस गोपद्मं काढायची आणि ती पुरी होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही. पाच वर्षांच्या व्रतातलं हे तिसरं वर्ष. माझं मौन सुटायच्या आत कुणी मला हाक मारली, तर एतेकच तिकडून दटावायची. तिच्या कोंबड्या मात्र कुणाचं ऐकत नसत. "तुझा देव रोज गाईच्या पायांनी येतो," ती म्हणायची, "आणि माझ्या कोंबड्या रोज ते पाय खातात. त्याला सांग, रागावू नकोस म्हणावं, अंडी तुलाच देते मी." मी अंडी खात नाही हे तिला ठाऊक होतं. तिची थट्टा असायची ती.

खोली देताना तिनं एकच अट घातली होती. ही खोली माझ्या धाकट्या बहिणीची, शमसिनारची. ती आली तर त्याच दिवशी खोली मोकळी करायची, उद्या-परवा चालणार नाही. शमसिनार कुठे असते असं मी विचारलं, तर एतेक म्हणाली, मलेशियात असेल. "असेल?" मी म्हटलं. हे हळूच मला मराठीत म्हणाले, घरमालकिणीची युक्ती आहे, भाडं वाढवायचं झालं की बहीण येणार. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

दादाचं पत्र मी एतेकच्या दारात उभ्या उभ्या दुसऱ्यांदा वाचलं. 'चि. सौ. कुमुद हीस अनेक आशीर्वाद. तुझी राखी पोचली.' पुढं लिहिलं होतं, की बाबांच्या मागं तलाठ्यानं वारस म्हणून दोघांची नावं सातबाऱ्यावर लावली आहेत. हायवे रुंद होतोय, आपल्या विहिरीकडच्या तुकड्याला मागणी आहे, उद्या काही व्यवहार करायचा म्हटलं तर दर वेळी तुझी सही कुठून आणायची? तू समुद्रापलीकडे. तरी सोबतच्या कागदावर मेदानच्या आपल्या वकिलातीत जाऊन साहेबांपुढं सही करावी आणि नंबियारांबरोबरच परत धाडावा, ते पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहेत असं कळलं. शेवटी होतं, 'पुढच्या भाऊबीजेला तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी इरकली काढून ठेवली आहे.'

विहिरीकडचा तुकडा म्हणजे माझ्या वाटणीचे अठरा गुंठे. कृष्णाकाठची काळी जमीन.

यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, सही करून टाक, सगळ्याच बहिणी करतात. अठरा गुंठ्यांपायी माहेर तोडायचंय का? त्यात काही चुकीचं नव्हतं. माझ्या आत्यांनी केली होती, मावशीनं केली होती, आईनंही केली होती. गुरुवारी सकाळच्या बसची तिकिटं काढायचं ठरलं. मेदान म्हणजे वीस तासांचा रस्ता. यांनी तीन दिवसांची रजा टाकली. मी कागद देवाच्या डबीखाली ठेवला आणि ठरल्यासारखी कामाला लागले. पण का कोण जाणे, दर वेळी डबी उचलताना तो कागद हाताला लागायचा आणि मी तो उलटा करून ठेवायची.

कोटो बारिंगिनमध्येही त्याच आठवड्यात जमिनीचीच गोष्ट चालू होती. आमच्या प्रकल्पामुळं वीज येणार, वरचा रस्ता डांबरी होणार, म्हणून तिथल्या शेतांना एकाएकी गिऱ्हाईकं फुटली होती. पेकनबारूहून एक मालदार माणूस गाडी घेऊन दोनदा येऊन गेला. त्याला एतेकच्या घराण्याचं उतारावरचं भाताचं शेत हवं होतं. तिथून समोरचा ज्वालामुखी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसायचा. त्याला हॉटेल बांधायचं होतं. एतेक म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्या डोंगराकडे पाठ करून लावणी केली. शहरातल्या माणसाला तो बघायला पैसे पडणार म्हणे."

गिऱ्हाईक थेट एतेककडे आलं नाही. ते गेलं दातुककडे. दातुक मांगकुतो हा एतेकचा थोरला भाऊ, घराण्याचा मुख्य मामा. साठीचा, उंच, काळी टोपी, बोलणं मोजकं. वाईट माणूस नव्हता. एतेकच्या मुलीचं, एल्वाचं, शिक्षण त्यानंच केलं होतं. पण त्याला छपराची लाज वाटायची. गावातलं एवढं जुनं घर, आणि पाऊस आला की आत टोप मांडायचे.

त्यांच्या रीतीप्रमाणे घराण्याची जमीन विकता येत नाही. चारच अडचणींत ती गहाण टाकता येते, आणि त्यातली एक अडचण मोठं घर गळायला लागणं ही. दातुकनं हेच धरलं. हॉटेलवाला शेत गहाण घेईल, बदल्यात सगळं छप्पर नवं करून देईल. रीतही मोडली नाही आणि घरही सावरलं. पण त्याला घरातल्या सगळ्या बायकांचा होकार लागत होता. एकीनं नाही म्हटलं तरी बोलणं तिथंच थांबायचं.

बैठक बुधवारी दुपारच्या नमाजेनंतर ठरली. नेमकी त्या दिवशी नारळी पौर्णिमा. मी माझ्या वेगळ्या चुलीवर गूळ घालून नारळीभात केला आणि एतेकला विचारलं, आज घरात पाहुणे आहेत, हा पानात वाढला तर चालेल का? ती म्हणाली, "बैठकीत गोड असलेलं बरं. कडू ते आम्ही आणतोच."

सोप्यात चटया अंथरल्या. एका बाजूला दातुक, समोर एतेक, तिच्या शेजारी एल्वा, आणि घराण्यातल्या दोन म्हाताऱ्या ज्यांना ऐकू कमी यायचं. मी आत जायला निघाले, तर एतेकनं हाताला धरून खाली बसवलं. छपराखाली जेवणारा माणूस छपराच्या बोलण्याला बसतो, अशी त्यांची पद्धत होती. हे नुकतेच साइटवरून आले होते. ते दाराशी घुटमळले, तशी एक म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि एल्वा हसायला लागली. तिच्याकडून कळलं, म्हातारी म्हणत होती, नवरा म्हणजे जळक्या ओंडक्यावरची राख, दारात उभं राहू नकोस बाबा, वाऱ्यानं उडून जाशील. यांनीही हसून घेतलं आणि भिंतीला टेकून बसले.

आधी जेवणं झाली. मग दातुक बोलला. छपराचं बोलला, गावाच्या नावाचं बोलला, रस्ता आला की अशी संधी पुन्हा यायची नाही हे बोलला. एल्वाला पुढं शहरात शिकायचं होतं, तेही बोलला. एतेक खाली बघून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, की गहाण म्हणजे एक दिवस सोडवून घ्यायची वस्तू. हॉटेल बांधलेली जमीन परत कुणी नांगरलेली तू पाहिलीस का?

दातुक म्हणाला, तुझा होकार मिळाला तर बाकीच्यांचा आहे. एल्वाचा आहे. या दोघींचा आहे.

"शमसिनारचा?" एतेकनं विचारलं.

"शमसिनारला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. ना पत्र, ना निरोप. तिच्या वतीनं तू हो म्हण. तू मोठी आहेस."

मग तो माझ्याकडे वळला. गावात काही लपत नाही. माझ्याकडे कागद आलाय आणि उद्या आम्ही मेदानला निघालोय, हे त्याला माहीत होतं. तो अदबीनं म्हणाला, "ही पाहुणी देवाधर्माची बाई आहे. चातुर्मासात खोटं बोलणार नाही. हिला विचारा. हिच्या देशातही बहिणीला हिस्सा मिळतो. मग ती काय करते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं त्यांच्या भाषेतलं बोलणं बाजारापुरतं. कांदे, तांदूळ, किती, नको. त्या शब्दांत हे कसं सांगायचं? पण सांगितलं. म्हटलं, आमच्यात बहीण सही करून आपला हिस्सा भावाला देते. भाऊ तिला दर वर्षी दिवाळीला बोलावतो, साडी देतो.

"बघ," दातुक एतेकला म्हणाला. "मोठ्या मनाच्या बहिणी सगळीकडे असतात."

एतेकनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे वळून बसली. आवाजात टोचणी नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "उपिअक," ती म्हणाली. लेकीला ते लोक लाडानं असं म्हणतात. "सही केल्यावर त्या बहिणीचं नवऱ्याशी बिनसलं, किंवा तो मेला, तर ती उतरते कुठे?"

"भावाकडे."

"घर भावाचं?"

"हो."

"आणि भावाची बायको नको म्हणाली तर?"

मला उत्तर येत होतं. माझ्या धाकट्या आत्याला मी बघितलं होतं. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि बावीस वर्षं माजघराच्या कोपऱ्यात ट्रंकेवर अंथरूण गुंडाळून ठेवायची. पाहुणे आले की ते अंथरूण उचलून गोठ्यात नेऊन ठेवायची. कुणी तिला वाईट बोललं नाही कधी. तिनंच आपली जागा तेवढी ठरवून घेतली होती. तीही आमच्याच गावची, आमच्याच घरची लेक, आणि तिनं ज्यावर सही केली होती ते शेत तिला रोज परसदारातून दिसायचं. हे सगळं त्यांच्या भाषेत सांगायला मला शब्द नव्हते. मी मान खाली घातली. भिंतीकडे बघितलं तर हेही खालीच बघत होते.

मग एतेक भावाशी बोलली. हळू आवाजात. त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं, निम्मं नंतर एल्वानं सांगितलं. शमसिनारनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. दातुकनं भर सोप्यात तिला बोल लावले आणि ती त्याच रात्री बोचकं घेऊन गेली. मागं वळून पाहिलं नाही. तरी दर सुगीला तिच्या वाट्याचं भात वेगळं मोजून कोठीत जातं आणि पुढची सुगी आली की गरिबांना वाटलं जातं. तिची खोली झाडली जाते. खोलीत भाडेकरू ठेवते ती त्याच दिवशी उठायच्या बोलीवर.

"तू तिला घरातून काढलंस, दातुक," एतेक म्हणाली. "जमिनीवरून काढता आलं नाही तुला. ते आता माझ्या तोंडून करवतोस?"

दातुकनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्याला पहिल्यांदाच बोडक्या डोक्यानं पाहत होते, आणि तो एकदम म्हातारा दिसला.

"ती आली तर कुठे उतरेल, एवढं मला सांग," एतेक म्हणाली. "हॉटेलात?"

"छप्पर?" दातुक हळूच म्हणाला.

"गळतंय ते माझ्या डोक्यावर. तिच्या खोलीवर नाही. माझ्या डोक्यावर मी टोप ठेवीन."

बहिऱ्या म्हातारीनं विचारलं, काय ठरलं? एल्वा तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "काही नाही ठरलं, आजी. आहे तसंच राहिलं." आणि मला वाटलं होतं की ही पोरगी रुसेल, शहर हुकलं म्हणून. पण तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि मान ताठ होती.

दातुकनं पुढ्यातला नारळीभात संपवला. गूळ चांगला आहे म्हणाला. मग उठून एतेकच्या खोलीत गेला, वर बघत बराच वेळ उभा राहिला, आणि शिडी कुणाकडे आहे असं विचारत बाहेर पडला.

गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखी उंबऱ्याशी बसले. मागं यांची बॅग भरून तयार होती, हे बुटांना पॉलिश करत होते. कागद त्यांनी डबीखालून काढून पिशवीत घातलेला. बाहेर दातुक आणि दोन शेजारी छपरावर चढले होते, काळ्या ताडाच्या तंतूंचे भारे वर ओढत होते. माझ्या तोंडाला कुलूप. एक, दोन, तीन करत मी गोपद्मं काढत होते. जन्मभर मी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. बाबांना नाही, दादाला नाही, यांना तर नाहीच. आवाज चढवायला मला येत नाही, आणि नाही म्हणायला आवाज चढवावाच लागतो अशी माझी समजूत होती. एतेकनं ती आदल्या दिवशी मोडली होती.

तेहतिसावं पाऊल काढलं. हात जोडले. आणि मौन सुटल्यावरचे पहिले शब्द यांच्याशी बोलले.

"मी सही करणार नाही."

यांनी ब्रश खाली ठेवला. रागावले नाहीत. काय करणार आहेस त्या अठरा गुंठ्यांचं, एवढंच विचारलं.

"काही नाही. दादानंच कसावं, त्यानंच खावं. फक्त माझं नाव तिथं राहू दे."

"आणि दादा तोडून टाकेल त्याचं काय?"

"तोडलं तर भाऊ तुटेल. बाबांची लेक असणं कसं तुटेल?"

यांनी पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला आणि बूट बाजूला सारले. जाताजाता म्हणाले, "राखेचं काय मत विचारायचं असतं म्हणा." पण ते हसत होते, आणि त्या दिवशी साइटवर जायच्या आधी ते छपरावर चढून दातुकच्या कामाला हात लावून आले.

दादाला मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. सहाच ओळी. जमीन तुझ्याच हातात असू दे, पिकाचा दाणा मला नको, विकायची झाली तर मात्र मला विचार, आणि मी नाही म्हणेन. इरकलीबद्दल वहिनीला नमस्कार सांग, ती तिनंच नेसावी. हक्कसोडपत्राचा बिनसहीचा कागद सोबत परत पाठवला, म्हणजे वाटेत हरवला असं वाटायला नको.

उत्तर आलं नाही. आम्ही दीड वर्षानं भारतात परतलो. शमसिनार तोवर आली नव्हती, खोली मी झाडून, उंबरा पुसून एतेकच्या हवाली केली. चार भाऊबीजा गेल्या, दादाचं बोलावणं नाही. दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायची. शेजारच्या बायका विचारायच्या, भाऊ नाही का तुम्हाला? मी सांगायची, आहे, कृष्णाकाठी आहे, मोठा बागायतदार आहे. खोटं नव्हतं ते. आणि त्या चार वर्षांत मला एकदाही सही करायला हवी होती असं वाटलं नाही, हेही खोटं नाही.

पाचव्या वर्षी आश्विनात इंदूवहिनी एकट्याच दारात उभ्या राहिल्या. एसटीनं आल्या होत्या, हातात पेरूंची पिशवी. मला वाटलं, दादाचं काही बरंवाईट झालं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, वन्सं, तुमचं पत्र आलं तेव्हा यांचा चष्मा फुटला होता, मीच वाचून दाखवलं होतं. हे चार दिवस जेवले नाहीत धड. मग गेल्या वर्षी माझे वडील गेले. तासगावची दोन एकर द्राक्षबाग. माझे दोघे भाऊ तसाच कागद घेऊन आले, साडी आणि नारळ घेऊन.

"मग?"

"मी म्हटलं, नाव राहू दे. पीक तुम्ही खा." वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "तुमचीच वाक्यं हो, पाठ झाली होती. भाऊ उठून गेले. आणि हे मला म्हणाले, शाब्बास."

मी पेरूंची पिशवी बाजूला सरकवली.

"मी म्हटलं, मला शाब्बास, मग वन्संना काय? तेव्हापासून तुमचं नाव निघालं की गप्प बसतात. काल स्वतःहून म्हणाले, जाऊन सांग, यंदा ये म्हणावं."

मी गेले. दादा ओसरीवर बसला होता, केस पांढरे झालेले. उठून आत आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्यानं ताटात नोट टाकली, आणि मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून तो काढून घेतला. दुपारी चहा झाल्यावर पायांत चपला सरकवत तो दाराशी थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"कुमे, विहिरीकडं चल जरा. पावसात तुझा बांध ढासळलाय. दगड कुठून कुठवर लावायचा ते तू उभी राहून दाखव, म्हणजे मी गडी लावतो."